केटी लागली म्हणजे पॉइंटर बुडाला का?

माझी भाची राहते नेरूळला, कॉलेजही तिकडचंच. पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला त्या संध्याकाळी ती ट्रान्स हार्बर लोकल पकडून थेट ठाण्याला आमच्याकडे आली. चहा झाला, पोहे झाले, तरी विषय निघेना. शेवटी ताटलीतले दाणे वेचत म्हणाली, "मामा, स्टॅटला केटी लागली. आणि टोटल एक्केचाळीस आहे. एक्केचाळीसला कोणी नापास होतं का?"

होतं. स्टॅट म्हणजे स्टॅटिस्टिक्स, आणि केटी लागली म्हणजे विषय राहिला. मी कॉलेजात बावीस वर्षं शिकवलं. त्यातली बरीच वर्षं परीक्षा विभागाच्या खिडकीच्या आतल्या बाजूला गेली. खिडकीच्या बाहेरून हा प्रश्न दर निकालाला यायचा. पाठोपाठ दुसरा यायचा: "सर, आता पॉइंटर (म्हणजे ग्रेडची सरासरी) किती खाली जाणार?" तिसरा प्रश्न मुलं विचारत नसत, आई-वडील विचारायचे: "म्हणजे टक्के किती झाले?" या तीन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळ्या नियमांत आहेत, आणि घोटाळा होतो तो ते नियम एकमेकांत मिसळल्यामुळे. भाचीला त्या रात्री कागदावर जे मांडून दाखवलं, तेच इथे लिहितो.

एक्केचाळीसचं आधी. तिचा विषय शंभर मार्कांचा, पण ते शंभर एका पिशवीत नसतात. चाळीस इंटर्नलचे, साठ लेखी परीक्षेचे. जुन्या बॅचना पंचवीस आणि पंचाहत्तर अशी वाटणी होती. पास व्हायला चाळीस टक्के लागतात आणि ते दोन्हीकडे स्वतंत्रपणे लागतात. म्हणजे इंटर्नलला चाळीसपैकी सोळा, लेखीला साठपैकी चोवीस. हिला इंटर्नलला बावीस होते आणि लेखीला एकोणीस. बेरीज एक्केचाळीस, पण लेखीचं हेड गेलं. परीक्षा विभागाच्या भाषेत 'हेड ऑफ पासिंग' म्हणजे ज्यात स्वतंत्रपणे पास व्हावंच लागतं असा कप्पा. एका कप्प्यातलं उरलेलं दुसऱ्यात ओतता येत नाही.

"मग ग्रेस?" हाही ठरलेला प्रश्न. ग्रेस मिळतं, पण हेडच्या आकाराप्रमाणे दोन-तीन मार्क, आणि सगळ्या विषयांचं मिळून एकूण मार्कांच्या एक टक्क्यापर्यंत. एकोणीसवर तीन घातले तरी बावीसच. चोवीस होत नाहीत, त्यामुळे इथे ग्रेस लागलंच नाही. काही मुलांना वाटतं की ग्रेस मागायला अर्ज करावा लागतो, कोणीतरी सरांना भेटावं लागतं. तसं काही नाही. नियमात बसलं तर निकाल तयार होतानाच ते लागतं. नाही बसलं, तर प्राचार्यांच्या केबिनबाहेर अख्खा दिवस बसूनही लागत नाही.

केटी म्हणजे नेमकं काय लागतं

मूळ शब्द एटीकेटी, म्हणजे 'अलाउड टु कीप टर्म्स'. विषय राहिला असला तरी पुढची टर्म भरायला परवानगी. म्हणजे ही सवलत आहे. बोलता बोलता आपण सुरुवातीची दोन अक्षरं गाळली, 'परवानगी' गळून पडली आणि उरलेल्या 'टर्म राखण्या'चा अर्थ नापास असा झाला. पुण्याकडे याच दुखण्याला 'बॅक राहिला' म्हणतात, तो शब्द निदान प्रामाणिक तरी आहे.

परवानगी किती विषयांपर्यंत, हे फॅकल्टीप्रमाणे आणि बॅचप्रमाणे बदलतं. पण रचना साधारण एकसारखी असते. पहिल्या सेमिस्टरला काहीही राहिलं तरी दुसऱ्या सेमिस्टरला बसता येतं, कारण वर्ष एकच आहे. दुसऱ्या वर्षात जाताना राहिलेले विषय मोजले जातात. मर्यादेच्या आत असाल तर पुढे, नाहीतर वर्ष गेलं. इंजिनिअरिंगची मुलं त्याला 'वायडी' म्हणतात, म्हणजे इयर डाउन. तिसऱ्या वर्षाच्या दाराशी सर्वसाधारण दंडक असा की पहिलं वर्ष पूर्ण निघालेलं हवं. आणि सहाव्या सेमिस्टरचे सगळे पेपर उत्तम गेले, पण मागे कुठे पहिल्या-दुसऱ्याचा विषय अडकलेला असेल, तर शेवटचा निकाल राखून ठेवतात. गॅझेटमध्ये, म्हणजे निकालाच्या यादीत, नावापुढे 'आरएलई' अशी अक्षरं दिसली की समजायचं, खालच्या परीक्षेपायी निकाल अडलाय. नोकरीचं पत्र हातात, डिग्री मात्र नाही, अशी मुलं मी दरवर्षी पाहिली.

आर्ट्स, कॉमर्स, सायन्सला एफवाय-एसवायची (पहिल्या-दुसऱ्या वर्षाची) परीक्षा कॉलेज घेतं आणि टीवायची (तिसऱ्या वर्षाची) विद्यापीठ. हे साधं वाटतं, पण केटीच्या फॉर्मची तारीख कुठे बघायची ते यावर ठरतं. टीवायला असताना एफवायची केटी काढायची असेल, तर विद्यापीठाच्या संकेतस्थळावर डोळे लावून उपयोग नाही, कॉलेजच्या नोटीस बोर्डावर बघायचं. मी एका कॉलेजात होतो तिथे एकदा केटीच्या फॉर्मची नोटीस जिन्याखालच्या बोर्डावर लागली, तीही कॅन्टीनच्या मेन्यूच्या बाजूला. पंधरा-वीस मुलांची तारीख हुकली. त्यात मुलांची चूक किती, हे मी आजही ठरवू शकलेलो नाही.

क्रेडिट म्हणजे वजन

आता पॉइंटर. मुंबई-ठाण्याकडे एसजीपीए, सीजीपीए, एसजीपीआय, सीजीपीआय सगळ्यांना मिळून मुलं 'पॉइंटर' म्हणतात. 'सात पॉइंटर आहे', 'नऊ पॉइंटरवाला'. एस म्हणजे एका सेमिस्टरचा, सी म्हणजे आतापर्यंतच्या सगळ्यांचा.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत दहा पॉइंटांची मोजपट्टी दिली. ओ म्हणजे दहा, ए प्लस नऊ, ए आठ, बी प्लस सात, बी सहा, सी पाच, पी चार. एफ म्हणजे शून्य, गैरहजर म्हणजेही शून्य. अक्षराला पॉइंट किती हे बऱ्यापैकी ठरलेलं आहे, पण किती मार्कांना कुठलं अक्षर हे नाही. कुठे ऐंशीला ओ मिळतो, कुठे नव्वद लागतात. त्यामुळे वाशीच्या कॉलेजातला 'ए' आणि ठाण्याच्या स्वायत्त कॉलेजातला 'ए' एकाच मार्कांचा असेलच असं नाही. आपला तक्ता मार्कशीटच्या मागच्या बाजूला किंवा सिलॅबसच्या शेवटी छापलेला असतो, तो बघायचा.

आता सरासरी. इथे लोक हमखास चुकतात. एपीएमसी मार्केटमधून चार किलो कांदा तीस रुपयांनी घेतला आणि अर्धा किलो लसूण दोनशे रुपयांनी. सरासरी भाव किती? तीस आणि दोनशेची बेरीज भागिले दोन, म्हणजे एकशे पंधरा? कुठलीही गृहिणी हसेल. एकूण पैसे दोनशे वीस, एकूण वजन साडेचार किलो, म्हणजे सरासरी एकोणपन्नासच्या आसपास. कांदा जास्त घेतला, म्हणून सरासरी कांद्याकडे ओढली गेली.

क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन. एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरभरात साधारण पंधरा तास वर्गातलं शिकवणं, प्रॅक्टिकल असेल तर तीस तास. चार क्रेडिटचा विषय म्हणजे साठ तासांचा. ग्रेडचा पॉइंट गुणिले क्रेडिट असं प्रत्येक विषयाचं करायचं, सगळ्यांची बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचं. सूत्र एवढंच आहे.

भाचीचं सेमिस्टर बावीस क्रेडिटचं. सोयीसाठी विषयांची नावं गाळतो:

मुख्य विषय एक, ४ क्रेडिट, बी प्लस: ४ × ७ = २८
मुख्य विषय दोन, ४ क्रेडिट, ए: ४ × ८ = ३२
स्टॅटिस्टिक्स, ४ क्रेडिट, एफ: ४ × ० = ०
मायनर (दुय्यम विषय), ४ क्रेडिट, बी: ४ × ६ = २४
भाषा, २ क्रेडिट, ए प्लस: २ × ९ = १८
मूल्यशिक्षण, २ क्रेडिट, ओ: २ × १० = २०
एनएसएस, २ क्रेडिट, ए: २ × ८ = १६

बेरीज १३८. भागिले बावीस, म्हणजे ६.२७. तिने घरून निघताना सातही ग्रेडची बेरीज करून सातने भागलं होतं, तिला ६.८६ आले होते. तिथे भाषा, मूल्यशिक्षण आणि एनएसएस या तीन हलक्या विषयांनी तिला गोड चित्र दाखवलं. सहा क्रेडिटच्या बळावर ते सातापैकी तीन जागा अडवून बसले होते.

खरं तर तिच्या मार्कशीटवर ६.२७ ही नव्हते. आपल्याकडे बहुतेक वेळा विषय राहिला असेल तर त्या सेमिस्टरच्या पॉइंटरच्या जागी नुसत्या दोन रेघा येतात. तिला वाटलं, बुडालं सगळं. त्या रेघांचा अर्थ इतकाच की हिशोब अजून बंद झालेला नाही.

पुन्हा बसल्यावर कुठला ग्रेड धरतात

इथे खरी गंमत आहे आणि इथेच जगभरची विद्यापीठं वेगवेगळ्या वाटांनी जातात.

आपल्याकडच्या नेहमीच्या पद्धतीत केटी सुटली की शून्याच्या जागी नवीन ग्रेड येतो. शून्य हिशोबातून जातं. तिचे इंटर्नलचे बावीस पुढे तसेच येतात, त्यांची परीक्षा पुन्हा द्यावी लागत नाही. फक्त लेखीचे साठ द्यायचे. मग तिला मी विचारलं, "लेखीला किती काढणार?" ती पटकन म्हणाली, "चोवीस. पास झाले की बास." केटीला बसणारी बहुतेक मुलं हेच म्हणतात.

चोवीस काढले तर बेरीज शेहेचाळीस. तिच्या बॅचच्या तक्त्यात चाळीस ते पन्नास म्हणजे पी, चार पॉइंट. १३८ मध्ये सोळा मिळवले की १५४, भागिले बावीस, बरोबर ७.००. तिचा चेहरा जरा खुलला. पण लेखीला अडतीस काढले तर बेरीज साठ, बी प्लस, आणि सेमिस्टर ७.५५. अठ्ठेचाळीस काढले तर सत्तर, ए, आणि ७.७३. चार क्रेडिटचा विषय असल्यामुळे एक-एक ग्रेड जड आहे. हाच विषय दोन क्रेडिटचा असता तर मी तिला सांगितलं असतं, पास हो आणि बाकीचा वेळ दुसऱ्या सेमिस्टरला दे.

आणि एक गोष्ट मुलांच्या लक्षात येत नाही. हा नवा ग्रेड मग कायमचा. आपल्याकडे पास झालेला विषय मार्क वाढवायला म्हणून पुन्हा सहसा देता येत नाही. बारावीला बोर्डाची श्रेणीसुधार योजना आहे, त्यामुळे पालकांना वाटतं पदवीलाही तसंच असणार. काही विद्यापीठांत सुधारणेसाठी बसण्याची सोय असते, पण ती अटी घालून आणि बहुधा पदवी हातात आल्यानंतर. सेमिस्टर चालू असताना 'मला बेचाळीस पडले, मी पुन्हा देतो' हे चालत नाही.

यातून एक विचित्र परिस्थिती तयार होते. तिच्या वर्गातल्या एकीला लेखीला काठावर चोवीस आणि इंटर्नलला अठरा. बेचाळीस, पास, पी, चार पॉइंट, संपलं. भाची एकोणीसवर पडली, तिला आणखी एक संधी, आणि ती सात-आठ पॉइंट घेऊन बाहेर येऊ शकते. काठावर पास झालेल्याला ती सोय नाही. हा अन्याय वाटतो, आणि थोडा आहेच. ग्रेस लागून पास झालेल्या मुलांचं अगदी असंच होतं, तीन मार्कांची मदत मिळते आणि चार पॉइंट कायमचे चिकटतात. तरी मी कुणाला मुद्दाम पडायचा सल्ला देणार नाही. केटीची फी, दुसऱ्या सेमिस्टरच्या पेपरांच्या मध्ये येणारी तारीख, आणि पुन्हा पडण्याची शक्यता, या तिन्ही गोष्टी कागदावर दिसत नाहीत.

नव्या ग्रेडने जुना पुसण्याची पद्धत सगळीकडे नाही. काही स्वायत्त कॉलेजांत पुनर्परीक्षेत मिळालेला ग्रेड एक पायरी खाली आणून लावतात. पहिल्याच प्रयत्नात पास झालेल्यांवर अन्याय नको, हा त्यामागचा विचार. तिथे ए मिळाला तरी बी प्लस लागेल. आपलं कॉलेज स्वायत्त असेल तर ही ओळ नियमपुस्तिकेत शोधायचीच. पवईच्या आयआयटीत तर शब्दच वेगळे, एसपीआय आणि सीपीआय, आणि एफआर नावाचा ग्रेड. त्याचा अर्थ नापास, आणि अख्खा कोर्स पुन्हा. नुसता पेपर देऊन सुटका नाही, वर्गात बसायचं.

अमेरिकेत चार पॉइंटांची मोजपट्टी. ए चार, बी तीन, सी दोन, डी एक, एफ शून्य. तिथे 'रिपीट' म्हणजे बहुतेक ठिकाणी कोर्सच पुन्हा घ्यायचा, फी भरून, असाइनमेंटसकट. आणि अनेक ठिकाणी पास झालेला, पण कमी ग्रेडचा विषयही पुन्हा घेता येतो, हा आपल्यापेक्षा मोठा फरक. पण मग कुठला ग्रेड धरायचा? काही विद्यापीठं नवीन धरतात, काही दोन्हीपैकी चांगला धरतात, आणि काही दोन्ही धरून सरासरी काढतात. जुना ग्रेड हिशोबातून वगळण्याला तिकडे 'ग्रेड फर्गिव्हनेस' म्हणतात, म्हणजे ग्रेडला माफी. माफी हिशोबापुरतीच असते, ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे तिकडच्या मार्कशीटवर, जुना ग्रेड दिसत राहतो.

दोन्ही धरण्याची पद्धत किती कडक आहे ते भाचीच्याच आकड्यांवर बघू. तिने स्टॅटला ए काढला असं धरा. आपल्याकडे १७० भागिले बावीस, ७.७३. पण जुना एफही हिशोबात ठेवला तर तेच चार क्रेडिट दोनदा मोजले जातात. १७० तेच राहतात, भागायचे मात्र सव्वीसने. ६.५४. एकाच मुलीचे, एकाच उत्तरपत्रिकेचे, दोन आकडे. पुढे परदेशी जायचा विचार असेल तर आपला पॉइंटर तिकडे असाच्या असा मानला जाईल अशी आशा धरू नये. अनेक ठिकाणी विषयवार मार्कशीट मागतात, सगळ्या प्रयत्नांच्या मागतात, आणि आपल्या पद्धतीने नव्याने हिशोब करतात.

सहा सेमिस्टरनंतर उरतं किती

घरी आकांडतांडव व्हायच्या आधी हे एकदा बघून घ्यावं. सीजीपीए काढताना सेमिस्टरच्या पॉइंटरांची नुसती सरासरी काढत नाहीत, प्रत्येकाला त्याच्या क्रेडिटने गुणतात. सगळी सेमिस्टरं बावीस-बावीस क्रेडिटची असतील तर उत्तर तेच येतं, वेगवेगळी असतील तर फरक पडतो. तीन वर्षांचे मिळून १३२ क्रेडिट झाले. स्टॅटला पी मिळाला की ए, यातला फरक सोळा पॉइंटांचा. सोळा भागिले १३२, म्हणजे ०.१२.

एवढाच? हो, एवढाच. पहिल्या सेमिस्टरची एक केटी तीन वर्षांच्या सरासरीला दशांशाच्या पलीकडे फारसं हलवत नाही. भाचीने हे ऐकून पुन्हा 'पास झाले की बास' सुरू केलं, म्हणून मी तिला दुसरा कागद दिला.

ऐरोली-घणसोलीच्या आयटी कंपन्या कॅम्पसला येतात तेव्हा त्यांच्या फॉर्मवर बहुतेकदा 'साठ टक्के' असं लिहिलेलं असतं. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या तक्त्यात ६.७५ म्हणजे साठ टक्के. समजा कुणाचा सीजीपीए ६.६९ आहे. ०.१२ मिळवले तर ६.८१. एक रेषेच्या आत, दुसरा बाहेर. प्लेसमेंट सेलची मुलं तुमची कहाणी ऐकत नाहीत, गाळणी लावून यादी काढतात. रेषेपासून लांब असाल तर ०.१२ चं काही नाही. रेषेजवळ असाल तर तेच सर्वस्व. आणि पहिल्या सेमिस्टरला आपण तीन वर्षांनी रेषेच्या कुठे असू हे कुणालाच माहीत नसतं.

फॉर्मवर आणखी एक रकाना असतो: 'लाइव्ह केटी आहे का?' लाइव्ह म्हणजे अजून न सुटलेली. सुटलेलीला मुलं 'डेड केटी' म्हणतात. पुष्कळ कंपन्यांना डेड केटी चालते, लाइव्ह चालत नाही. म्हणून क्रम असा: सातव्या-आठव्या पॉइंटचं नंतर, आधी रकाना रिकामा करायचा.

म्हणजे टक्के किती?

भाचीला घ्यायला तिची आई, म्हणजे माझी ताई, रात्री आली तेव्हा तिने हाच प्रश्न विचारला. आमच्या पिढीला टक्क्यांशिवाय काही कळत नाही, त्याला इलाज नाही.

याला एक उत्तर नाही. ६.८ सीजीपीए घ्या. नुसतं दहाने गुणलं तर ६८. दहावीला सीबीएसई पूर्वी ९.५ ने गुणायची, तसं केलं तर ६४.६. तंत्रशिक्षण परिषदेच्या रीतीने आधी ०.७५ वजा करून मग दहाने गुणलं तर ६०.५. एकाच मुलाचे साडेसात टक्क्यांच्या फरकाने तीन आकडे. दहाने गुणणं चूक आहे असं नाही, पण ते तुमच्या विद्यापीठाच्या नियमात लिहिलेलं हवं. अर्जात टक्के भरताना मार्कशीटच्या मागे छापलेलं किंवा विद्यापीठाने प्रमाणपत्रावर दिलेलं सूत्रच वापरायचं. नंतर कागदपत्रं तपासताना आकडा जुळला नाही की 'मला वाटलं' या शब्दांना किंमत नसते.

मोजपट्टी कितीपैकी आहे हेही पाहायचं. मुंबई विद्यापीठात मधली काही वर्षं दहाऐवजी सात पॉइंटांची मोजपट्टी होती. ओला सात, एला सहा. त्या काळातला माझा एक विद्यार्थी नोकरीच्या मुलाखतीला ५.८ घेऊन गेला आणि समोरच्याने ते दहापैकी समजून कपाळाला आठ्या घातल्या. सातपैकी ५.८ म्हणजे तिथल्या 'ए'च्या उंबरठ्यावर. बिचाऱ्याला मुलाखतीत उत्तरं देण्याआधी मार्कशीट उलटी करून दाखवावी लागली.

जर्मनीला जाणाऱ्यांसाठी तर चक्र उलटं फिरतं. तिथे एक म्हणजे उत्तम आणि चार म्हणजे कसाबसा पास. बव्हेरियन म्हणून ओळखलं जाणारं सूत्र असं: सर्वोच्च ग्रेडमधून आपला ग्रेड वजा करायचा, त्याला सर्वोच्च आणि किमान पासच्या फरकाने भागायचं, तीनने गुणायचं आणि एक मिळवायचा. दहापैकी ६.८, पासाला चार. ३.२ भागिले सहा, गुणिले तीन, अधिक एक, म्हणजे २.६. ताई म्हणाली, "अडीच म्हणजे वाईट ना?" तिला पटवायला दहा मिनिटं गेली.

मार्कशीटवरच्या खुणा

गॅझेटमध्ये आकड्यांच्या शेजारी बारीक खुणा असतात, त्या कोणी वाचत नाही. मार्कांपुढे अधिकचं चिन्ह म्हणजे आधीच्या परीक्षेतून पुढे आणलेले. भाचीचे इंटर्नलचे बावीस आता असे दिसतील. 'अॅट'चं चिन्ह म्हणजे ग्रेस लागलंय. 'हॅश' म्हणजे खेळ, एनएसएस, एनसीसी वगैरेचे मार्क. 'आरआर' म्हणजे निकाल राखीव, ते दिसलं की घाबरायच्या आधी परीक्षा विभागात जायचं. कारण कधी कधी एखाद्या पेपरचे मार्क यायचे राहिलेले असतात, इतकंच.

लेखीच्या मार्कांबद्दल शंका असेल तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते, मग पुनर्मूल्यांकन. हे फक्त लेखीला, इंटर्नल आणि प्रॅक्टिकलला नाही. मुदत थोडी असते. माझा अनुभव असा की छायाप्रत मागवावी, आपल्या शिक्षकाला दाखवावी आणि मग पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरावेत. पण छायाप्रत यायला वेळ लागतो आणि तेवढ्यात केटीच्या फॉर्मची तारीख निघून जाते. म्हणून केटीचा फॉर्मही भरून ठेवावा. पुनर्मूल्यांकनात सुटला तर फीचे पैसे गेले म्हणायचं.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या बॅचसाठी क्रेडिटची एक बँकही आहे, अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, २०२१ पासून. पास झालेल्या विषयाचे क्रेडिट त्यात जमा होतात आणि साधारण सात वर्षं चालतात. नापास विषयाचं काही जमा होत नाही, आणि उसनेही मिळत नाहीत. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडायची सोय आहे, पण त्यासाठी निदान चाळीस क्रेडिट खात्यात हवेत. भाचीच्या खात्यात तूर्त अठरा आहेत, कारण स्टॅटचे चार आलेले नाहीत.

ताई आणि ती निघाल्या तेव्हा शेवटची ट्रान्स हार्बर गाठायची घाई होती. दारात चपला घालताना भाची मागे वळली. "मामा, अठ्ठेचाळीस जरा जास्त होतात. अडतीस धरू?"

मी म्हटलं धर. बी प्लस मिळेल. फॉर्म मात्र उद्याच भर.